एकतीस मार्चचं बारसं

"नाव?" पोहनकर साहेबांनी पेनाचं टोपण दातांनी काढत विचारलं.

खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझा धाकटा भाऊ दिगांबर, त्याची बायको प्रतिभा, दाराला टेकून उभ्या असलेल्या टायपिस्ट ठेंगडीबाई. एवढंच काय, प्रतिभाच्या मांडीवरची साडेतीन महिन्यांची पोरसुद्धा माझ्याकडेच बघत होती.

"नलिनी डाखरे," मी म्हटलं.

"तुमचं नाही हो, बाई. पोरीचं."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती आणि मला त्या पोरीचं नाव माहीत नव्हतं. गंमत म्हणजे जगात ते माहीत असलेली एकच व्यक्ती आहे असं सगळे समजत होते, आणि ती व्यक्ती म्हणजे मी.

आता हे असं कसं झालं, ते सांगते.

आमच्याकडे बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. आत्या बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगते आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. का घालतात ते कुणाला माहीत नाही, पण घालतात. आमची आई दिगू सहा वर्षांचा असताना गेली आणि त्याला मीच वाढवला. तेव्हा त्याच्या पोरीचं नाव काही असंतसं ठेवून कसं चालेल? त्यातून मी वरोऱ्याला शाळेत संस्कृत शिकवणारी. चार महिने कोश चाळून मी एक नाव काढलं. असं नाव, की ऐकणाऱ्यानं दोन मिनिटं गप्प बसावं. कुणालाही सांगितलं नाही, दिगूलासुद्धा नाही.

डिसेंबरात भंडाऱ्याला, प्रतिभाच्या माहेरी बारसं झालं. मी नवं लुगडं नेसून पाळण्यावर वाकले, पोरीच्या कानाशी तोंड नेलं, "कुर्रर्र" म्हटलं, आणि नाव सांगणार तेवढ्यात प्रतिभाच्या काकूनं माझ्या पाठीत धपाटा घातला. ही काकू सहा एकर धानाची रोवणी एकटीच्या जोरावर उरकणारी बाई. धपाटा कसला, घण होता तो. माझे दात एकमेकांवर आपटले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि नाव गेलं.

गेलं म्हणजे गेलंच. डोक्यात नुसती घंटा वाजत होती. वीस वर्षं पोरांना सांगत आले होते, "पाठ केलेलं विसरतं कसं रे तुम्हाला?" आणि भरल्या मांडवात मी पाळण्यावर ओणवी उभी, नि नाव आठवेना. मग तोंड लपवायला माणूस जे करतो तेच मी केलं. चिडले.

"नाव सांगायच्या आधी धपाटा? ही कुठली रीत? माझ्या मानाची ही किंमत?" असं म्हणत मी पिशवी उचलली आणि मिळेल त्या गाडीनं वरोरा गाठलं.

पुढचे तीन महिने सगळ्यांनी माझ्या मिनतवाऱ्या केल्या. दिगू दोनदा येऊन गेला. प्रतिभाच्या आईनं साडी पाठवली. खुद्द काकूनं फोन करून "चुकलं बाप्पा माहं, पुन्हा हात नाही लावत" म्हटलं. जेवढी ती माणसं नमत गेली, तेवढी मी ताठ होत गेले. दुसरं करणार काय? एकदा मान खाली घातली असती तर नाव सांगावं लागलं असतं. पोर बिचारी 'बाळ', 'बाई', 'ठकी' अशा हाकांवर वाढत होती. दुसऱ्या कुणी नाव ठेवायचं तर दिगू म्हणायचा, "ताई जित्ती असताना दुसरं कोणी नाही."

आणि मग एकतीस मार्चला सकाळी त्याचा फोन आला.

"ताई, आज नाव पाहिजेच. पाच वाजेपर्यंत."

"पाच वाजता काय मुहूर्त आहे का?"

"मुहूर्त नाही वं! आरोग्य खातं बंद होते."

दिगू चंद्रपूरच्या पलीकडे एका सिमेंटच्या कारखान्यात होता. कंपनी दर माणसाच्या नावानं वर्षाला नऊ हजार आरोग्य खात्यात टाकायची. डॉक्टरची चिठ्ठी आणायची, कल्याण विभागाचा शिक्का घ्यायचा आणि कंपनीच्या स्टोअरमधून वस्तू उचलायची. न वापरलेली रक्कम एकतीस मार्चला संध्याकाळी पाचला कापरासारखी उडून जायची. त्या वर्षी बाळंतपण माहेरी झाल्यामुळे दिगूचे सगळेच्या सगळे पडून होते.

"मग तू घे ना काहीतरी. चष्मा घे."

"चष्मा नाही वं ताई. पोरीला ऊन बाधते. दहा मिनिटं अंगणात नेलं तर चेहऱ्यावर फोड आले. डॉक्टर म्हणते, सहा महिन्यांच्या आत मलमबिलम नको, पण ऊन लागलं नाही पाहिजे. छताची गाडी, टोपी, अंगभर पातळ कपडे, खिडकीला जाड पडदे, सगळं लिहून दिलं त्यानं. स्टोअरवाल्यानं काढूनही ठेवलं. पण नव्वद दिवसांनंतर फॉर्मवर 'बाळ' चालत नाही, नाव लागते म्हणते. माझ्या पगारातून हे सारं जमत नाही, तुला ठाऊक आहे. आणि आपल्याकडचा उन्हाळा..."

चंद्रपूरचा उन्हाळा मला सांगायची गरज नव्हती. मार्चातच बेचाळीस झालं होतं आणि त्यांचं क्वार्टर पश्चिमेकडे तोंड करून होतं.

"फोनवर सांग ना वं नाव," तो म्हणाला.

"नाव फोनवर सांगतात का कधी? कानात सांगतात," मी म्हटलं. वेळ काढायला बोलले, पण तो खूश झाला.

"मग येतेस? साडेअकराची गाडी पकड!"

अशी मी माझ्याच जिभेनं पकडले गेले.

गाडीत खिडकीशी बसून मी पद्धतशीर सुरुवात केली. नाव स्वरानं सुरू होत नव्हतं, एवढं मला पक्कं वाटत होतं. म्हणून सरळ 'क'पासून धरलं. कमलाक्षी, कादंबिनी, कुमुद्वती... भद्रावती येईपर्यंत 'त' संपला. शेजारी वांग्यांचं पोतं घेऊन बसलेल्या आजीनं विचारलं, "काय जपून राहिली बाई? कोणतं व्रत होय?" मी म्हटलं, "विसराळूपणाचं." चंद्रपूरला दुसरी गाडी धरली, तिच्यात 'ह' झाला आणि 'ज्ञ'पर्यंत जाऊन आले. काही नाही. घंटासुद्धा वाजेना.

क्वार्टरमध्ये पाऊल टाकलं आणि पोरीला पाहिलं. प्रतिभानं खिडकीला ओली चादर बांधली होती, तिच्या आडोशाला खाटेवर ती पडली होती. दोन्ही गाल लालबुंद, नाकावर बारीक फोडांची ओळ, एका कानामागे साल निघालेली. आणि मला बघून ही बया हसली. मी बारशाला ऐटीत सांगून गेले होते, तेल लावून रोज कोवळ्या उन्हात ठेवत जा म्हणून. नावही दिलं नाही, आणि शहाणपण मात्र देऊन गेले. मला स्वतःची इतकी लाज वाटली की पाणीसुद्धा मागितलं नाही.

प्रतिभानं पाण्याचा तांब्या पुढे केला. ही आमची भावजय मोजकं बोलणारी. तीन महिन्यांत तिनं मला एका शब्दानं दुखवलं नव्हतं. त्याचंच मला जास्त भय वाटायचं.

"आलात ना ताई, बरं झालं," एवढंच म्हणाली.

पोरीला ओल्या पंच्यात गुंडाळून, वर दिगूची छत्री धरून आम्ही तिघं कल्याण विभागात पोचलो. तिथे पोहनकर साहेब. माणूस वाईट नव्हता, पण नियमांच्या बाहेर त्याला श्वास लागायचा. त्यांच्याकडची मंजूर वस्तूंची यादी कारखान्याच्या चुनखडीच्या खाणीतल्या कामगारांसाठी तयार केलेली होती आणि त्यात लहान मूल ही चीज कुठेच नव्हती.

"बाबागाडी, छतासह," त्यांनी डॉक्टरची चिठ्ठी वाचली. "हे नाही यादीत. चाकं किती?"

"चार," दिगू म्हणाला.

"झोपता येते तिच्यात?"

"झोपायसाठीच आहे, साहेब."

"मग 'रुग्ण ने-आण साधन' लिहितो. टोपी... टोपी नाही. हेल्मेट आहे." त्यांनी थोडा विचार केला आणि लिहिलं, 'हेल्मेट (लहान), एक.' अंगभर कपडे 'संरक्षक पोशाख, सुरुंग विभाग' या खात्यात गेले. पडदे धूळरोधक झाले. "गमबूट हवेत का? बसतील अजून."

"पोर उभी राहत नाही, साहेब."

"राहिलं मग." त्यांनी पान उलटलं, टोपण दातांनी काढलं आणि विचारलं, "नाव?"

तर अशी ती वेळ.

"आत्याच सांगणार आहे," दिगू अभिमानानं म्हणाला. "तीन महिन्यांपासून तिच्या पोटात आहे. भारी नाव आहे, साहेब. संस्कृतमधलं."

"सांगा बाई. स्टोअर पाचला बंद होतं."

मी खाकरले. "साहेब, असं फॉर्मवर नाव नाही हो सांगता येत. आधी बाळाच्या कानात सांगावं लागतं. रीत असते."

मला वाटलं, या माणसाला रीत म्हटलं की कंटाळा येईल आणि तो 'बाळ' लिहून टाकेल. पण झालं भलतंच. रीत म्हणजे नियमच की! पोहनकर साहेब एकदम सरसावून बसले. "बरोबर आहे. आधी ते करून घ्या. मग नोंद."

"थांबा थांबा!" दारातल्या ठेंगडीबाई ओरडल्या. "बारसं करायचं तर रीतसर करा. पोर मांडीवर ठेवून कुठे नाव ठेवतात?"

पुढच्या वीस मिनिटांत त्या ऑफिसात जे झालं ते कंपनीच्या इतिहासात पुन्हा झालं नसेल. ठेंगडीबाईंनी साहेबांच्या टेबलावरचा फायलींचा लाकडी ट्रे रिकामा केला, त्यात घडी करून टॉवेल घातला आणि झाला पाळणा. हिशेब विभागातल्या दोघी धावत आल्या. घुगऱ्या पाहिजेत म्हणून कुणीतरी साहेबांच्या खणातले फुटाणे काढले. साहेब म्हणाले, "ते माझे वैयक्तिक आहेत," पण तोवर ते वाटून झाले होते. पोर ट्रेमध्ये पाय झाडत पडली. ट्रेवर लाल अक्षरांत 'प्रलंबित' लिहिलेलं होतं.

"चला आत्याबाई," ठेंगडीबाई बाह्या सरसावत म्हणाल्या.

मी घड्याळाकडे पाहिलं. चार पस्तीस. दिगूकडे पाहिलं. तो लहानपणी मी जत्रेतून आले की जसा बघायचा तसा बघत होता. आता कुठलंही नाव ठोकून द्यावं, असं मनात आलं. पण खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला 'मंगला' आणि 'शांता' याखेरीज एकही नाव सुचेना. आणि आता हे भारी नाव म्हणून सांगितलं तर दिगूचं तोंड उतरेल, आणि त्याला तीन महिने कशासाठी छळलं ते सगळ्यांना कळेल.

मी ट्रेवर वाकले. पलीकडून प्रतिभा वाकली होती, पोरीचं डोकं सावरत. मी पोरीच्या कानाशी तोंड नेलं. त्या कानामागची निघालेली साल पुन्हा दिसली आणि माझा बांधच फुटला.

"कुर्रर्र," मी म्हटलं, आणि अगदी हळू आवाजात पुढे बोलले, "बाई गं, मला नाही आठवत तुझं नाव. बारशालाच विसरले. खोटी चिडले होते मी. माफ कर गं मला."

पोरीनं माझं नाक धरलं. आणि मला वाटलं होतं की आणखी कुणी ऐकलं नाही. पण प्रतिभाचं डोकं माझ्या डोक्यापासून चार बोटांवर होतं. तिनं मान वर केली नाही. ओठही फारसे हलले नाहीत.

"ताई," ती कुजबुजली, "बारशाच्या आदल्या दिवशी तुम्ही पाळण्यापाशी पुटपुटत होता. मी ऐकलं होतं."

"काय म्हणत होते मी?" माझा जीव कानात गोळा झाला.

"केतकी."

"केतकी?"

"हो. केतकीच."

अहाहा! काय सांगू, घशात अडकलेला काटा निघावा तसं झालं मला. केतकी! हेच ते, दुसरं काय असणार? मी ताठ उभी राहिले आणि वर्गात हजेरी घेतात तशा आवाजात म्हटलं, "केतकी!"

आणि पोरीनं झटकन माझ्याकडे मान वळवली, बोळकं पसरलं आणि दोन्ही पाय ट्रेवर आपटले.

"अगं बाई, ओळखते की नाव!" ठेंगडीबाई किंचाळल्या. "याला म्हणतात नाव लागणं!" आणि मग माझ्या पाठीत धपाट्यांचा पाऊस पडला. ठेंगडीबाईंचे दोन, हिशेबवाल्यांचे तीन, दिगूचा एक. पोहनकर साहेबांनी विचारलं, "पुरुष अधिकाऱ्यानं घातला तर चालतो का?" आणि उत्तराची वाट न बघता एक फाइल घेऊन हलकेच टेकवली. सगळ्यांनी मारलं, फक्त प्रतिभानं मारलं नाही. ती पोरीला उचलून घेत होती. मी रडत होते आणि मार खात होते आणि मला काही म्हणजे काही लागत नव्हतं.

चार पंचेचाळीसला शिक्का पडला. स्टोअरकडे पळताना मी धापा टाकत प्रतिभाला म्हटलं, "चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं गं मी नाव, पण चिठ्ठीच कुठे ठेवली ते आठवेना. दिगूला सांगू नको हं." ती म्हणाली, "नाही सांगत." पाचला दोन मिनिटं असताना आम्ही गाडी, हेल्मेट (लहान) आणि सुरुंग विभागाचा पोशाख घेऊन बाहेर पडलो. पोरीला गाडीत घातलं, छत ओढलं, टोपी चढवली. उन्हाचा एक कवडसासुद्धा तिच्यापर्यंत पोचत नव्हता. दिगू गाडी ढकलताना शीळ घालत होता.

त्या वर्षी मेमध्ये पारा शेहेचाळीसला टेकला. मी शाळेची अख्खी सुट्टी तिथेच काढली. जाड पडद्यांच्या अंधारात केतकी पालथी पडायला शिकली. जूनमध्ये बघावं तर गाल असे नितळ, की दृष्ट काढावी.

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. मागच्या महिन्यात मी घर बदललं. माळ्यावरून पुस्तकांची पेटी काढली, तिच्यात माझा जुना कोश निघाला, बांधणी उसवलेला. म्हणूनच तर नवा घेतला होता त्या बारशाच्या सुमाराला. उघडला तर अगदी पहिल्याच काही पानांत, 'अ'मध्ये, एक चिठ्ठी. माझं अक्षर. दोन रेघा मारून अधोरेखित.

'अर्कप्रभा. म्हणजे सूर्याचे तेज.'

आधी हसू आलं. उन्हानं फोड येणाऱ्या पोरीचं नाव मी सूर्याचं तेज ठेवणार होते! मग हसू थांबलं. कारण मी जन्मात कुठल्या पाळण्यापाशी 'केतकी' म्हटलं नव्हतं. आणि ट्रेमध्ये पडल्या पडल्या झटकन वळलेली ती मान मला आठवली. साडेतीन महिन्यांची पोर नवं नाव ऐकून अशी वळते होय? घरात कुणी नसताना, ओल्या चादरीच्या आडोशाला, कुणीतरी तिला रोज त्याच नावानं हाक मारत असलं पाहिजे.

दुसऱ्याच दिवशी मी दिगूकडे गेले. केतकी अकरावीसाठी नागपूरला निघायची होती. डोक्याला ओढणी, डोळ्यांवर काळा चष्मा, हात मोज्यांत, अशी दारातच भेटली. "आत्या, मैत्रिणी म्हणतात माझं नाव किती गोड आहे. तू ठेवलंस ना?"

"थांब जरा," मी म्हटलं आणि तडक स्वयंपाकघरात शिरले.

प्रतिभा ओट्याशी भाकरी थापत होती. मी मागून गेले आणि तिच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. हातातली भाकरी तेवढी सावरली.

"चिठ्ठी सापडली वाटते," ती म्हणाली.

"मला का नाही गं सांगितलंस? इतकी वर्षं?"

"मान तुमचा होता ना, ताई." तिनं भाकरी फिरवली. मग मात्र राहवलं नाही तिला. "काय होतं तुमचं नाव?"

"अर्कप्रभा."

भाकरी परातीत पडली. प्रतिभानं पिठाचे हात तसेच तोंडावर दाबले आणि हसता हसता खालीच बसली.

"बाप्पा!" ती म्हणाली. "बरं झालं ताई, आमच्या काकूचा हात जड होता."